‘शामान’चे मूळ ‘शमन’ नव्हे

संपादक महोदय,

अंगात येऊन आजाऱ्यांना बरे करणाऱ्यासाठी इंग्रजीत ‘shaman’ हा शब्द आहे. ‘रोगाचे शमन करतो तो शमन’ ही त्याची व्युत्पत्ती हल्ली समाजमाध्यमांवर फिरते आहे. ती साफ चुकीची आहे. हा शब्द सायबेरियातल्या एवेंकी भाषेतला, दुसरा स्वर दीर्घ. काही बोलींत त्याचेच ‘समान’ आणि ‘हमान’ होते. नुसत्या ध्वनिसाम्यावर जायचे, तर तो आपल्या ‘समान’वरूनही काढता येईल! रशियन धर्मगुरू अव्वाकुम याच्या 1672 च्या सुमारास लिहिलेल्या आत्मचरित्रात तो येतो. पुढे 1692 मध्ये विट्सेन या डच लेखकाच्या ग्रंथातून तो पश्चिम युरोपात पोचला.

विद्वानांनी मांडलेला संस्कृतचा दुवा वेगळा आहे. तो ‘शम्’ धातूचा नाही, ‘श्रम्’चा आहे: श्रमण, पाली ‘समण’, मध्य आशियातल्या तोखारीत ‘षमाने’, चिनीत ‘शामेन’, आणि त्यावरून ‘शामान’. साखळी देखणी आहे, पण शेवटच्या कडीला निसटते. ‘शामेन’ म्हणजे घरदार सोडलेला बौद्ध भिक्खू. शामान ढोल वाजवतो, त्याच्या अंगात येते, आजाऱ्याचा हरवलेला आत्मा तो शोधून आणतो. शिवाय बाराव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात ज्युर्चेन या एवेंकीच्याच तुंगुसी भाषाकुळातल्या लोकांचा ‘शानमान’ हा शब्द येतो. अर्थ दिलाय, मंत्रतंत्र करणारी म्हातारी. ग्रंथकाराने तिथे ‘शामेन’ची अक्षरे वापरलेली नाहीत. भिक्खूंचा शब्द त्याला रोजचा होता; हा तोच वाटला असता तर त्याने वेगळी अक्षरे कशाला जुळवली असती? ‘सा’ म्हणजे जाणणे, या तुंगुसी धातूवरूनही शब्द काढतात, पण तिथे स्वरांची लांबी जुळत नाही. तेव्हा कोशात ‘तुंगुसी शब्द, त्यामागची व्युत्पत्ती वादग्रस्त’ एवढेच लिहावे, आणि लेखन ‘शामान’ करावे, म्हणजे ‘शमन’शी गल्लत होणार नाही.

एवेंकींच्या शेजारचे याकूत लोकसुद्धा शामानाला ‘ओयून’ म्हणतात, बुर्यात ‘बो’, तर अल्ताईकडच्या तुर्की भाषांत ‘काम’ म्हणतात. असे असताना आपल्याकडच्या लेखांत वारल्यांचा भगत आणि मेळघाटातला कोरकूंचा भूमका यांना सरसकट ‘आदिवासी शमन’ कशासाठी म्हणायचे? ‘भगत’ हे तर ‘भक्त’चेच बोलीरूप, मराठी वाचकाला न सांगता कळणारे. ‘मांत्रिक’ही बेताने वापरावा, कारण त्यात सगळा भर मंत्रावर जातो आणि भगताची झाडपाल्याची औषधे, देवाला कौल लावणे हे बाजूला पडते. ज्या गावची बातमी, तिथला शब्द छापावा.

आपले,
भाषाविज्ञानाचे दोन शिक्षक, पुणे