पाणी प्या म्हणता, पण जायचं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहाटे पंचगंगेकाठी धुकं आणि स्वेटर, दुपारी डोक्यावर पदर घेऊनही चटके, अशी सध्या कोल्हापूरची हवा आहे. या चढउतारावरच्या आपल्या बातमीत सर्दी-खोकल्याची काळजी होती, म्हाताऱ्यांची होती. गरोदर बायकांबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र.

करवीर तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून मी नोकरी केली, आता निवृत्त आहे. ३७ आठवडे भरायच्या आत झालेलं बाळ म्हणजे काय, हे मी हातात घेऊन पाहिलंय. कारणं अनेक असतात : अशक्तपणा, रक्तदाब, जुळं, लघवीचा संसर्ग. एखाद्या बाळंतपणाचा ठपका एकट्या उन्हावर ठेवता येत नाही. पण २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा आढावा छापला. तापमान एका अंशाने वाढलं की मुदतीआधी प्रसूतीची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी वाढते आणि उष्णतेच्या लाटेत १६ टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. पोटातलं बाळ आईपेक्षा अर्ध्या अंशाने गरम असतं, त्याची उष्णताही आईच्याच शरीराला बाहेर टाकावी लागते. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. इथं तर सकाळी एक ऋतू आणि दुपारी दुसरा. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की गर्भाशयाकडचा रक्तपुरवठा घटतो, कळाही सुरू होऊ शकतात.

‘भरपूर पाणी प्या’ हे मीही वर्षानुवर्षं सांगत आले. एकदा ऊसतोडीच्या फडावर सातव्या महिन्यातल्या एका पोरीला तेच सांगितलं. बीडकडची होती. डोक्यावर मोळी, पायात नवऱ्याच्या चपला. म्हणाली, “पाणी पिलं तर जायचं कुठं, मावशी?” चारी बाजूंनी तोडलेलं रान, आडोशाला एक झाड नाही. दिवसभर ती पाणी टाळायची आणि लघवी दाबून धरायची. वर मी सांगितलेल्या संसर्गाला दुसरं काय लागतं? विश्रांती घे म्हणायचीही सोय नाही. एक दिवस घरी बसली की मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, धरतो, तो आगाऊ घेतलेल्या उचलीतून कापला जातो.

फड कशाला, तपासणीच्या ठिकाणीही तेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, योजना चांगलीच आहे. पण एका केंद्रावर पत्र्याच्या शेडखाली दुपारी एकपर्यंत रांगेत बसलेल्या बायका मी पाहिल्यात आणि तिथल्या संडासाला कुलूप! किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला.

फेब्रुवारी ते मे ही तपासणी सकाळी आठलाच सुरू करावी, लांबून आलेल्यांना आधी घ्यावं. उन्हाच्या सूचनांत गरोदर बायकांचा वेगळा उल्लेख हवा : पोट वारंवार कडक होणं, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं काहीही झालं तर संध्याकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि कारखान्यांनी टोळी पाठवताना पाण्याच्या टाकीसोबत आडोसाही पाठवावा. आमच्या शेतात गेल्या हंगामात तोड होती, तेव्हा पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून आम्ही तो केला. चार वासे आणि घरातलेच जुने पत्रे लागले, अर्ध्या दिवसाचं काम.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. करवीर, जि. कोल्हापूर