कोर्टाच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहताना

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद. लंडनला सदर्क क्राउन कोर्टाबाहेर जुन्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांचे फोटो काढायचं काम तुझ्याकडे आलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

1925 च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम 41 नं घातलेली फोटोबंदी फक्त कोर्टरूमपुरती नाही. इमारत, आवार आणि तिथे ये-जा करणारे पक्षकार, साक्षीदार, ज्युरर (निकाल देणारे सामान्य नागरिक) सगळे त्यात येतात. फुटपाथवरून आरोपीचा फोटो काढू देतात तो रिवाज आहे, हक्क नव्हे. आवाराची हद्द कुठे संपते ते सुरक्षारक्षकाला विचारून घे.

जामिनावरचा आरोपी पायी येतो, तो सोपा. अवघड काम कैद्यांच्या व्हॅनचं. काच काळी, खिडकी उंच. वाइड लेन्स लाव, फोकस मॅन्युअलवर मीटरभर अंतराला बांध, कारण ऑटोफोकस काचेवरच अडकतो. ॲपर्चर एफ 8, शटर 1/250 सेकंद. लेन्स आणि फ्लॅश दोन्ही काचेला भिडव. बोटभर फट राहिली तरी उजेड उलटा फिरतो आणि फोटोत नुसता पांढरा डाग येतो. फ्लॅश पूर्ण ताकदीवर नको, चार्ज होईपर्यंत व्हॅन निघून जाते. पाव ताकद पुरे. चाकापासून पाय लांब ठेव. आत दुसरेही कैदी असतात, चेहरा पडताळल्याशिवाय नाव लिहू नकोस.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. 1992 च्या लैंगिक गुन्हे (सुधारणा) कायद्यानं तक्रारदाराची ओळख जन्मभर गुप्त राहते, आरोपी सुटला तरी. पण अत्याचार झाला तेव्हाची लहान मुलगी आज पन्नाशीची बाई आहे, त्याच दारातून आत जाते, आणि तू तिला ओळखत नाहीस. म्हणून प्रत्येक फोटोतली पार्श्वभूमी स्क्रीनवर शंभर टक्के मोठी करून बघ. चेहरा धूसर करून भागत नाही. कोट, केस, उभं राहायची ढब ओळखीच्यांना पुरते. काळी आकृतीही रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) उजळता येते.

जुन्या संग्रहातल्या फोटोंची मला जास्त धास्ती वाटते. टीव्ही कलाकार रॉल्फ हॅरिसला 2014 मध्ये याच कोर्टात शिक्षा झाली, आरोप 1968 ते 1986 मधले. अशा वेळी पेपरचं फोटो डेस्क त्या काळचे फोटो मागतं, आणि त्यात आजूबाजूला मुलं असतात. त्यांतली एखादी तक्रारदार असू शकते. आरोपी एकटा असलेलाच फोटो दे.

कॅप्शनमध्ये नाव, कोर्ट, तारीख, खटल्याचा टप्पा, बस. तक्रारदाराशी नातं लिहू नकोस. एका पेपरात आरोपीचं नाव, दुसऱ्यात नातं आलं की ओळख उघडी पडते. शंका आली तर फोटो पाठवण्याआधी डेस्कच्या वकिलांना फोन कर.

तुझा,
बाबा