किळस येते म्हणून नर्सिंग सोडू नका

मा. संपादक,

नर्सिंगला जायचा विचार करणारी मुलंमुली मला एक गोष्ट हमखास विचारतात, पगार-ड्युटीच्या आधी, की घाण बघवत नाही, उलटी येते, मग जमेल का. त्यांच्यासाठीच हे पत्र लिहितेय, कारण कॉलेजात याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलतच नाही. किळस सगळ्यांना येते, इतकी वर्षं काम करून मलाही काही वास अजून सहन होत नाहीत. इन्फेक्शनपासून लांब राहावं म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे, त्यात लाज कसली? रोज काम केलं की ती बरीच कमी होते, पूर्ण जात नाही, आणि तरीही काम उत्तम करता येतं.

मला उपयोगी पडलं ते सांगते. बेडपॅन द्यायचं असो की डायपर बदलायचा, ग्लोव्ह्ज, कोमट पाणी, वाइप्स, स्वच्छ चादर, कचऱ्याची पिशवी हे सगळं आधी हाताशी घ्या, कारण अर्ध्यातून काही आणायला पळालं की वास दुप्पट वेळ सोसावा लागतो आणि पेशंट तसाच उघडा पडून राहतो. तोंडाने श्वास घ्या, मास्कला बाहेरून बामचं बोट लावा. तरी मळमळलंच तर पेशंटला नीट झाकून, साइड रेल वर करून, "आलेच हं" म्हणून दोन मिनिटं बाहेर जा, पण चेहरा वाकडा करू नका. पेशंट आपल्या तोंडाकडेच बघत असतो. एक आजोबा तर कुशीवर वळवताना दर वेळी भिंतीकडे बघत "सॉरी सिस्टर, सॉरी" म्हणायचे, त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लाज वाटत होती हो. मी पुसताना त्यांच्याशी नातवाबद्दल बोलत राहायचे, तेवढ्याने त्यांचे आवळलेले हात सैल व्हायचे.

आणि हे काम खालच्या दर्जाचं समजून दुसऱ्यावर ढकलू नका. डांबरासारखी काळी चिकट शी म्हणजे पोटात वर कुठेतरी रक्तस्राव होत असू शकतो, पांढरट मातकट असेल तर पित्ताचा मार्ग अडलेला असू शकतो. कुशीवर वळवलं की माकडहाडापाशी दाबूनही न जाणारा लालपणा दिसतो, तीच बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. हे जो साफ करतो त्यालाच आधी कळतं. कॅन्सरच्या जखमेला घाण वास येत असेल तर नुसतं नाक दाबून ड्रेसिंग करू नका, डॉक्टरांशी बोला, मेट्रोनिडाझोल जेल किंवा चारकोल ड्रेसिंगने वास बराच कमी होतो, आणि तो वास पेशंटला चोवीस तास येत असतो. जुलाब क्लॉस्ट्रिडिओइड्स (जुनं नाव क्लॉस्ट्रिडियम) डिफिसाइल या आतड्यातल्या जंतूचे असतील तर हँडरबवर भागवू नका, त्याचे स्पोअर्स, म्हणजे टणक कवचातले बीजाणू, अल्कोहोलने मरत नाहीत, ग्लोव्ह्ज काढल्यावर साबण-पाण्यानेच हात धुवा.

माझं सर्वात वाईट म्हणजे कफ. सक्शन करताना, म्हणजे मशीनने कफ ओढून काढताना, तो ट्यूबमधून येणारा आवाज ऐकला की अजून पोटात ढवळतं, मैत्रिणीला त्याचं काही वाटत नाही पण उलटी बघवत नाही, मग जमेल तेव्हा आम्ही कामं बदलून घेतो.

शिक्षकांना आणि सिनिअर्सना कळकळीची विनंती, पहिल्या पोस्टिंगच्या आधी एक तास तरी या विषयावर बोला, आणि कुणी स्टुडंट तोंड दाबून बाहेर पळाला तर त्याला हसू नका, पाणी द्या आणि पुढच्या ड्रेसिंगला सोबत उभं करा.

– एक स्टाफ नर्स