पाहुण्यांची बॅग यजमानाच्या यादीने भरा

महोदय,

दसरा उलटला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘सातासमुद्रापारची दिवाळी’ झळकू लागते. फोटोत पैठण्या, फेटे, ढोल. मजकुरात मातीची ओढ. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पंधरवड्यात पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून कितीतरी आईवडील आणि मित्रमंडळी दिवाळीसाठी जर्मनीला निघालेली असतात, आणि बॅगेत काय घालावं हे त्यांना कुणी सांगत नाही. मग प्रेमाने भरलेला डबा विमानतळावरच्या कचऱ्यात जातो. जर्मनीत स्टुटगार्टला राहणाऱ्या आमचं म्हणणं एवढंच की बॅगेची यादी निघणाऱ्याने नव्हे, यजमानाने करावी आणि घटस्थापनेच्या आधी पाठवावी. पितृपक्षात खरेदी होत नाही, म्हणून यादी करायला तोच पंधरवडा बरा.

आधी बंदीचं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. प्रमाणाची सूट नाही. लहान बाळाची पावडर आणि औषधी आहार असे मोजके अपवाद आहेत. म्हणजे साजूक तूप, खवा, पनीर, चक्का बंद. पेढा-बर्फी हा जवळपास निव्वळ खवाच. ‘ही मिठाई आहे, दूध नाही’ असा वाद रात्रभराच्या प्रवासानंतर कस्टमच्या टेबलाशी घालण्यात अर्थ नाही. चकली, शेव, चिवडा, तेलातले शंकरपाळे यांना अडचण नाही. ताजी फळं, भाज्या, पानं, फुलं, बी-बियाणं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे विड्याची पानं, कढीपत्ता, आंब्याचे टाळे, झेंडू, कारीट, तुळशीचं रोप सगळं घरीच ठेवायचं. पाच फळांना मात्र सूट आहे: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन.

नारळाला युरोपात सूट आहे म्हणून हुरळून जाऊ नका, कारण अडचण निघतानाच येते. सुकं खोबरं तेलकट असतं आणि आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं. चिवड्यासाठी घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या क्ष-किरणात दिसल्या की बॅग उघडायला लावतात. किसलेलं खोबरं जर्मनीत साध्या दुकानातही मिळतं, चिवड्याचे काप भारतीय दुकानातून घ्यावेत. नारळही मिळतो, पण सोलून, शेंडी काढून. कलशावर तो टकला दिसतो, त्याला इलाज नाही.

तूप न आणल्याने अडतं का? अजिबात नाही. कुठल्याही सुपरमार्केटात ‘बुटरश्माल्त्स’ नावाने कढवलेलं लोणी मिळतं. त्याला वास कमी असतो. खरी चव हवी असेल तर ‘झाउअररामबुटर’ म्हणजे विरजलेल्या सायीचं लोणी घ्यावं आणि घरीच कढवावं. इथल्या लोण्यात ८२ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे २५० ग्रॅमच्या चार वड्यांचं साधारण ८०० ग्रॅम तूप होतं. बेसनाचे लाडू बिघडतात ते तुपामुळे नाही, शेगडीमुळे. काचेची विजेची शेगडी बंद केल्यावरही कितीतरी वेळ तापलेली राहते. गॅसच्या सवयीने बेसन बदामी झाल्यावर बटण फिरवून कढई तिथेच ठेवली, तर तळाचं बेसन करपतं आणि सगळ्या घाण्याला कडवट वास लागतो. रंग यायच्या थोडं आधीच कढई उचलून लाकडी पाटावर ठेवावी, उरलेलं भाजणं तिच्याच उष्णतेत होतं. कढई सपाट बुडाचीच हवी. गोल बुडाची काचेवर डुगडुगते आणि मधेच तापते. शिवाय जर्मन दुकानातलं हरभऱ्याचं पीठ बहुधा काबुली चण्याचं असतं, त्याचा लाडू टाळूला चिकटतो. डाळीचं बेसन भारतीय दुकानातूनच घ्यावं. आणि इथली पिठीसाखर फार बारीक असते, ती वाटीने न मोजता वजनाने घ्यावी.

चक्क्याची जागा ‘क्वार्क’ हे इथलं मऊ, ताजं चीज घेतं. डब्यावर ४० टक्के लिहिलेला घ्या, स्निग्धांश काढलेला नको. त्याचं श्रीखंड खडूसारखं लागतं. ५०० ग्रॅमचे दोन डबे फडक्यात बांधून आठ तास फ्रिजमध्ये टांगले की साधारण पाऊण किलो चक्का उरतो. त्याला अर्धा किलो पिठीसाखर पुरते. पुरेसं पाणी निथळण्याआधी साखर घातली तर श्रीखंड पातळ होतं आणि मग ते घट्ट करता येत नाही, कितीही फेटा.

मोदकांसाठी गणपतीत येणाऱ्यांनी तांदळाची पिठी आणू नये, थाई दुकानात ती मिळते. तिथे दोन पिशव्या शेजारीशेजारी असतात. बहुतेक वेळा लाल अक्षरांची साध्या तांदळाची आणि हिरव्या अक्षरांची चिकट तांदळाची असते. हिरवी घेतली तर उकड हाताला सोडत नाही आणि मोदक वाफेत बसतो.

मग आणायचं काय? चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं, फुलवाती, लहान पुडीभर उटणं, मराठी पंचांग आणि दिवाळी अंक. अंक जड असतात, पण तूप वगळल्याने तेवढी जागा होते. घरी दळलेल्या पिठाच्या पिशवीवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून चिकटवा. पारदर्शक पिशवीतलं बिननावाचं पीठ पाहून कुठलाही अधिकारी प्रश्न विचारणारच. कुरिअरने फराळ पाठवणाऱ्यांसाठी: दोन घरांमधली भेट ४५ युरोपर्यंतच करमुक्त असते, आणि दुधाचं बंधन टपालालाही लागू आहे. स्वतः येणाऱ्या प्रौढ विमानप्रवाशाला सोबतच्या भेटवस्तूंवर ४३० युरोंपर्यंत सूट आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलाला १७५. भाऊबीजेला द्यायची सोन्याची साखळी ही मर्यादा सहज ओलांडते. अंगावर घालून आलेले आणि अंगावरच परत नेणार असलेले दागिने वेगळे. इथे कुणाला द्यायचे असतील तर कस्टमच्या लाल वाटेने (सामान जाहीर करणाऱ्यांची) जाऊन सांगावं. जाहीर करण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या हिरव्या वाटेत सापडलं तर करासोबत दंडही बसतो.

व्हिसाबद्दल थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांहून उशिरा नाही. शुल्क ९० युरो, मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत ९०, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. पाहुण्यांचा खर्च यजमान उचलणार असेल तर त्याने इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढायचं, शुल्क २९ युरो. काही शहरांत त्याची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून आधी हमीपत्र आणि मग तिकीट. विम्यात जुने आजार बहुधा नसतात. मधुमेह-रक्तदाबाची औषधं मुक्कामाला पुरतील एवढी आणावीत (तीन महिन्यांच्या गरजेपर्यंत चालतात), चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या नोंदणीला वेळ जातो, त्यामुळे पुढचं विमान किंवा रेल्वे दीड तासाच्या अंतराने ठरवू नये.

२०२६ मध्ये नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, ८ नोव्हेंबरला आहे, आणि तो रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. बेकरी, फुलवाला काही तास, मोठ्या स्टेशनातलं दुकान, एवढंच. केळी, फुलं, दूध शनिवारीच. घड्याळं २५ ऑक्टोबरला एक तास मागे जातात, भारताशी फरक साडेतीनचा साडेचार तास होतो. पुण्यात सहाला पूजा सुरू होते तेव्हा इथे दुपारचा दीड. व्हिडिओवर दोन्हीकडच्या पूजा जुळवण्याच्या नादात कुणाचाच प्रदोषकाळ साधत नाही. इथला सूर्य पाचच्या आत मावळतो, त्याच्या मागोमाग इथली पूजा करावी आणि व्हिडिओ आरतीपुरता ठेवावा.

अभ्यंगस्नानाचं पाहुण्यांना आल्या दिवशीच सांगायला हवं, आणि नेमकं तेच संकोचाने राहून जातं. इथल्या फ्लॅटच्या न्हाणीघरात मोरी नसते. जमिनीला उतार नाही, पाणी जायला भोक नाही. शॉवरच्या किंवा टबच्या बाहेर बादली ओतली की पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं, आणि पाहुण्याने केलेलं नुकसान यजमानाच्या विम्यात बसेलच असं नाही. तेल लावल्यावर शॉवरचा तळ काचेसारखा निसरडा होतो, ज्येष्ठांसाठी रबरी चटई आधीच घालावी. उटणं दोन चमचेच भिजवावं आणि आंघोळीआधी जुन्या पंचाने पुसून घ्यावं. तेल आणि उटण्याचा गोळा पाइपात बसला तर नळवाला रविवारी दुप्पट पैसे मागतो.

तोरणाचाही एक धोका आहे. इथल्या कुंपणांना चेरी लॉरेल नावाचं झुडूप सर्रास असतं, पानं थेट आंब्याच्या पानांसारखी, हिरवीगार आणि चकचकीत. तोडलं की कडू बदामाचा वास येतो, आणि तो वासच सांगतो की पान विषारी आहे. दाराला बांधायला हरकत नाही, पण कलशात, नैवेद्याच्या ताटात किंवा रांगत्या बाळाच्या हाती ते नको. कलशाला खऱ्या लॉरेलची पानं घ्यावीत, ती स्वयंपाकातलीच.

याच दिवसांत दुकानांत शेवंतीच्या कुंड्या आणि लाल प्लॅस्टिकचे झाकणवाले दिवे ढिगाने येतात. दिवा कित्येक तास जळतो, वाऱ्याने विझत नाही आणि स्वस्तही असतो. नव्या पाहुण्याला वाटतं, पणतीला याहून बरा पर्याय कुठला! ते थडग्यावर लावायचे दिवे आहेत. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्या सुमारास लोक कबरींवर दिवे आणि शेवंती ठेवतात. गॅलरीत त्यांची ओळ लावली की समोरच्या आजी हळहळतात. देवाला शेवंती जरूर वाहा, पण जर्मन शेजाऱ्याकडे जाताना तिचा गुच्छ नेऊ नका. त्यापेक्षा चिवडा न्या. फक्त त्यात शेंगदाणे आणि काजू आहेत हे आधी सांगा, कारण दाण्यांची अॅलर्जी हा इथे नेहमीचा प्रश्न आहे.

जिन्यात रांगोळी नको. जिना ही आगीतून सुटकेची वाट मानतात. शिवाय स्टुटगार्टच्या आसपासच्या आमच्या श्वाबेन भागात ‘केरवोखं’ असतं: जिना झाडायची पाळी आठवड्याने घरोघर फिरते, पाटी दाराला लटकते (नावात आपला केर आयताच आहे). शेजाऱ्याच्या पाळीत तुमची रांगोळी पसरली तर वर्षभराची बोलाचाली गेली. दाराच्या आत, मोठ्या ट्रेमध्ये काढावी. धुराची घंटा बेडरूम आणि पॅसेजमध्ये कायद्यानेच लागते. चकल्या तळताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवावी. उलट केलं की घंटा वाजणारच. घरातली घंटा बहुधा घरापुरती ओरडते, पण मंडळाने भाड्याने घेतलेल्या सभागृहातली थेट अग्निशमन दलाला जोडलेली असू शकते. कापूर पेटवण्याआधी व्यवस्थापकाला विचारावं, खोट्या वर्दीचं बिल शेकडो युरोंचं येतं.

फटाके बॅगेत आणणं गुन्हाच आहे. इथे मोठे फटाके वर्षअखेरीचे तीन दिवस विकतात आणि ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच उडवता येतात. फुलबाज्या वर्षभर चालतात, बारा वर्षांवरच्या मुलांना. जे पाहुणे नाताळात येणार आहेत त्यांच्या यजमानांनी लक्षात ठेवावं: २०२६ मध्ये २५, २६ आणि २७ डिसेंबर सलग तीन दिवस दुकानं बंद आहेत आणि २४ ला दुपारी दोनपर्यंतच उघडी. किराणा २३ लाच भरावा.

भाऊबीज ११ नोव्हेंबरला, बुधवारी आहे. त्याच संध्याकाळी इथे सेंट मार्टिनची मिरवणूक निघते. बालवाडीतली मुलं कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत गल्लीतून जातात. पाहुण्यांसोबत लहान मुलं असतील तर ओवाळणी चारच्या सुमारास उरकून त्यांना तिकडे न्यावं. घडीचा आकाशकंदील पुण्याहून आणलात तर होल्डर आपला खटक्याचा असतो आणि इथले बल्ब फिरकीचे, ते त्यात बसत नाहीत. तीन पिनांचा प्लगही भिंतीत जात नाही, दोन पिनांचा जातो. म्हणून कंदिलासोबत दोन पिनांची वायर आणि खटक्याचा एक एलईडी बल्ब घ्या. दोन घेतलेत तर उत्तम, कारण एक प्रवासात जातोच.

— एक मराठी कुटुंब, स्टुटगार्ट (जर्मनी)