पाटी ग्रॅनाइटची, वह्या रद्दीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ख्रिस्ती वारशावरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. मनोरा, रंगीत काचा, घंटा, परत मनोरा. लेखकमहाशय आत डोकावून लोक काय गातात ते ऐकायला थांबलेले दिसत नाहीत. 'पुढच्या पिढ्यांसाठी इमारती जपा' या म्हणण्याला माझा विरोध नाही. फक्त ते आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांच्या वाचनात आलं तर आणखी एक निधी निघेल, एवढीच धास्ती.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना लेखात एक ओळ मिळाली आहे, तीही फुलामुलांचे कवी म्हणून. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाने मराठी ख्रिस्ती माणसाला भजन दिलं, कीर्तन दिलं, ते कुठे गेलं? 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरचं काव्य अपुरं ठेवून ते १९१९ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लिहावाचायला शिकल्या त्याच मुळी लग्नानंतर. पण त्या काव्याचा मोठा भाग त्यांनी लिहिला आणि शेवट मुलाने, देवदत्तांनी केला. नवरा, बायको, मुलगा. याचा फोटो निघत नाही, हे मान्य.

आता आमच्या मंडळीचं सांगतो. देवळाचा जीर्णोद्धार झाला. दाराशी काळ्या ग्रॅनाइटची पाटी लागली, 'भावी पिढ्यांसाठी' असं वर कोरून खाली देणगीदारांची नावं, रकमेच्या उतरत्या क्रमाने. त्याच साफसफाईत मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं झालं आणि जुनी गीतपुस्तकं, भजनांच्या वह्या रद्दीवाल्याकडे गेल्या. किलोवर. त्यात माझ्या वडिलांची वही होती. ते उपासनेला पेटी वाजवत. प्रत्येक भजनाशेजारी त्यांची पेन्सिलची खूण असे: 'काळी दोन', 'सावकाश', 'तिसरं कडवं आधी बाया म्हणतील'. एका पानावर नुसतंच 'घाई नको', खाली दोन रेघा. ती बहुधा तबलजीसाठी असावी. 

सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "काका, आता सगळं मोबाईलवर आहे." शब्द आहेत हो! पण चाल कुठे आहे? ती पेटीवाल्याच्या बोटांत आणि म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात होती, आणि त्या बाया आता एकेक करून चालल्या आहेत. रविवारच्या शब्बाथ शाळेची पोरं गिटारवर हिंदी-इंग्रजी गाणी म्हणतात. म्हणोत बापडी, प्रभूला सगळ्या भाषा समजतात. माझा राग पोरांवर नाही. त्यांना कुणी मांडी घालून शेजारी बसवलंच नाही, तर ती काय आकाशातून शिकणार? रद्दीचे किती आले तेही विचारलं होतं. हिशेबात 'किरकोळ जमा' असं दाखवलं आहे म्हणे.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. नशीब, की त्यांच्या कागदांवर आमच्या कमिटीचा ताबा नव्हता.

जाता जाता आणखी एक. गेल्या वर्षी आपल्या पानावर एका पुढाऱ्याच्या फोटोसह जाहिरात होती: 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'. साहेब, तो प्रभूच्या वधस्तंभाचा दिवस. त्या दिवशी आम्ही उपास करतो, पांढरे कपडे घालून बसतो. शुभेच्छा कसल्या? जाहिरातीचे पैसे घ्या, पण छापण्याआधी कचेरीतल्या एखाद्या ख्रिस्ती माणसाला विचारा. नसेल तर मला फोन करा, मी निवृत्तच आहे. नाताळच्या पुरवणीत दरवर्षी केकची कृती असते, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर
(नाव छापू नये. कमिटीत मेहुणा आहे.)