घर बघितलंस, ओढा बघितलास का?

पुणे, रविवार

चि. सौ. मुग्धास,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू फोन ठेवून दिलास, हे आईला सांगितलेलं नाही. ‘रेंज गेली’ म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही, पण तिने विषय वाढवला नाही आणि मीही नाही. तू घराची लिंक पाठवलीस, मी फोटो बघायच्या आधी पत्ता नकाशात टाकला आणि पहिलाच प्रश्न विचारला, की मागे ती निळी रेघ कसली? तू म्हणालीस, ‘‘बाबा, आधी अभिनंदन तरी करा!’’ तर आधी अभिनंदन. मनापासून. अण्णांनी जन्मभर भाडं भरलं, मी सोसायटीचे हप्ते निवृत्तीच्या तोंडापर्यंत फेडत बसलो, आणि तू चाळिशीच्या आत स्वतःच्या पगारावर अंगणासकट घर घेतेस. माईआत्याला सांगितलं तर तिला बोलवेना. नंदूने अर्थातच ‘व्याजदर काय’ एवढंच विचारलं.

घराविषयी या पत्रात लिहायचं नाही असं ठरवलंय. गावाविषयी लिहितो.

तुझं इंडियानातलं कोलंबस मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. कंपनीने, म्हणजे इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सने, पहिल्यांदा पाठवलं तेव्हा तू बालवाडीत होतीस. अमेरिका म्हणजे गगनचुंबी इमारती, अशी माझी समजूत. इंडियानापोलिसहून दक्षिणेला तासाभराचा रस्ता, दोन्ही अंगांना मका नि सोयाबीन, आणि मग एकदम विटांच्या कोर्टाचा मनोरा. १८७४ सालचं ते कोर्ट. बार्थोलोम्यू काउंटीचा कारभार याच गावातून चालतो, म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं गाव. आजही वस्ती जेमतेम पन्नास हजार. मी आईला पत्रात लिहिलं होतं, की कोथरूडमधून निघून शिरूरला पोचलोय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फिफ्थ स्ट्रीटवर गेलो आणि ते पत्र पाठवायच्या आधी खोडावं लागलं. शिरूरला आय. एम. पेईसारख्या आर्किटेक्टने बांधलेलं वाचनालय नाही. त्याच्या पुढ्यात शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची कमान नाही, आणि रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेनचं १९४२चं चर्चही नाही. त्याच्या मुलाने, ईरोने, याच गावात १९५४ला बँक बांधली, आणि ती सगळी काचेची. बँकेला गज नव्हते, कोणीही रस्त्यावरून आत बघावं! आमच्या सहकारी बँकेच्या जाळ्या आठवून मला हसू आलं होतं.

हे सगळं आलं कमिन्स चालवणाऱ्या जे. अर्विन मिलरच्या डोक्यातून. युद्धानंतर गावात पोरं वाढली, शाळा अपुऱ्या पडायला लागल्या, आणि मिलरने कमिन्सच्या फाउंडेशनतर्फे सांगितलं, की आर्किटेक्ट नामांकित घ्या, त्याची फी आम्ही देतो. पहिली श्मिट शाळा १९५७ची, हॅरी वीजची. मग शाळा, अग्निशमन केंद्रं, सगळंच. इमारतीचा खर्च गावाने करायचा, फक्त डोकं चांगलं आणायचं. मला ही गोष्ट फार आवडते आणि मी ती तुला बरेचदा सांगितली आहे, हेही मला माहीत आहे.

मिलरचं स्वतःचं घर तू ईशानच्या बारशाला आलेल्या आम्हा दोघांना दाखवलं होतंस. आई त्या बैठकीच्या खड्ड्यात उतरायला तयार नव्हती. ‘उठवणार कोण’ म्हणाली. तुम्ही सगळे रंगीत उश्या बघत होतात. मी मागे जाऊन उतार बघत होतो. घर वरच्या अंगाला, खाली मोकळं कुरण, मग झाडी, मग फ्लॅटरॉक नदी. ज्याला गावात कुठेही जागा मिळाली असती त्याने नदीकाठ घेतला, पण घर वर ठेवलं आणि पाण्याला पसरायला कुरण सोडलं.

बघ, आलोच मी तिथे.

तर बाकी गाव. वॉशिंग्टन स्ट्रीटवर झाहाराकोस, १९००पासूनचं आइस्क्रीमचं दुकान, संगमरवरी काउंटरवर ईशान बसला की त्याचे पाय लोंबकळायचे. पश्चिमेला हायवेकडून येताना तो लाल तारांचा पूल आणि तारांच्या मधोमध कोर्टाचा मनोरा. पूल बांधणाऱ्याने तो बरोबर नजरेच्या रेषेत धरलाय. पुलाच्या डाव्या हाताला मिल रेस पार्क. तिथेच ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक मिळतात आणि पुढे व्हाइट नदीचा ईस्ट फोर्क होतो. संगमावर गाव वसवायची खोड फक्त आपलीच नाही. पार्क मात्र शहाणपणाने केलाय. पाणी आलं तर येऊ दे, गेलं की चिखल धुवायचा.

नदीपलीकडे पश्चिमेला टिप्टन लेक्स. आपली बरीच मंडळी तिथे राहतात. गणपतीला ज्यांच्याकडे गेलो होतो, उकडीचे मोदक जमले नव्हते पण आग्रह जबरदस्त होता, ते तिथलेच. मला ती वस्ती जरा एकसारखी वाटली, गल्ली चुकायला होतं. पण सौरभला म्हणालो होतो की घर बघाल तेव्हा इकडे बघा. दक्षिणेला वेल्सबोरोचा इंजिन प्लँट, आणि हॉ क्रीक नावाच्या ओढ्यापलीकडे ईस्ट कोलंबस. तिथली घरं लहान, जुनी, कामगारांची. मला मनापासून आवडलेला भाग तोच. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली माणसं हात करतात. २००८ला सगळ्यात जास्त हाल त्याच भागातल्या लोकांचे झाले.

आता आलाच आहे विषय तर बोलून टाकतो.

७ जून २००८. जवळच्या एडिनबर्ग गावाच्या बाजूला एका दिवसात दहा इंचांवर पाऊस पडला, जमीन आधीच भिजलेली. लोकांचं लक्ष नदीकडे, आणि पाणी आलं हॉ क्रीकमधून. सेव्हन्टीन्थ स्ट्रीटवरचं हॉस्पिटल, ज्याच्या जवळ घर आहे म्हणून तू एवढी खूश आहेस, ते रात्रीत रिकामं करावं लागलं. वीज, फार्मसी, लॅब, स्वयंपाकघर सगळं तळघरात, आणि तळघर भरलेलं. पूर्ववत व्हायला ऑक्टोबर संपत आला. कमिन्सच्या तुझ्या टेक सेंटरलाही पाणी लागलं होतं. तेव्हा आमच्याकडे कोथरूडला त्याचे मेल यायचे, मी ते वाचायचो आणि विसरायचो. मला काय माहीत, की माझी मुलगी त्याच ओढ्याच्या काठी घर बघणार आहे!

तू म्हणालीस, तो शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता, येऊन गेला. मुग्धा, तू इंजिनिअर आहेस. दर वर्षी एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. फासा मागचं दान लक्षात ठेवत नाही. तुझं कर्ज तीस वर्षांचं. ०.९९चा तिसावा घात काढ, ०.७४ येतं. म्हणजे हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी यायची शक्यता चारात एकाहून जास्त. आणि हे घर पूररेषेच्या बरोबर कडेवर असेल तर. आत असेल तर याहून वाईट. एजंटला फेमाचा, म्हणजे तिथल्या सरकारी आपत्ती खात्याचा, पूरनकाशा माग. आधीच्या मालकाकडे एलेव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घर किती उंचीवर आहे त्याचा दाखला, आहे का विचार. नेहमीच्या घरविम्यात पूर धरत नाहीत, तो वेगळा काढावा लागतो. पूररेषेच्या आत घर असेल तर बँकच सक्ती करते. बाहेर असेल तर कोणी विचारत नाही, आणि लोक तिथेच फसतात. कर्जाबरोबरच काढलास तर लगेच लागू. नंतर सुचलं तर तीस दिवस थांबायचं, आणि पाऊस काही थांबत नाही. जॉन टिप्टन नावाच्या जनरलने १८२०च्या सुमारास तिथे खोपट बांधलं ना, तेही टेकाडावर. गावाला आधी त्याचंच नाव होतं, टिप्टोना. १८२१ला लोकांनी ते बदलून कोलंबस केलं आणि तो गाव सोडून गेला, रागावून असं म्हणतात. पण टेकाड बरोबर निवडलं होतं त्याने.

रागावू नकोस. आई म्हणते मी बोलायला लागलो की पीपीटी उघडतो. तुला कळत नाही असं मला म्हणायचं नाही. तुझी अक्कल माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मी दहावीच्या निकालापासून मान्य केलंय. तुम्ही दोघांनी इन्स्पेक्शन केलंत, घर गरम ठेवणारी फर्नेस बघितली, छप्पर बघितलं. मला फक्त त्या निळ्या रेघेबद्दल कोणी बोलल्याचं ऐकू आलं नाही.

आपल्याकडेही हेच. मुठेला सगळे भितात, ओढ्याला कोणी विचारत नाही. पानशेतच्या पूरग्रस्तांना सहकारनगरकडे जागा मिळाल्या. म्हटलं, सुटले बिचारे नदीपासून. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याच बाजूला आंबील ओढा घरात शिरला. नंदूच्या साडूची गाडी तिसऱ्या गल्लीत सापडली.

पानशेतचं मी तुला नीट कधी सांगितलं नाही. तू शाळेच्या प्रकल्पासाठी विचारायचीस तेव्हा तारीख सांगायचो, १२ जुलै १९६१, आणि धरणाचं तांत्रिक कारण. मी आठ वर्षांचा होतो. शनिवारातला वाडा, ओंकारेश्वराच्या अंगाला. सकाळी कोणीतरी बोळातून ओरडत गेलं, ‘पानशेत फुटलं’. अण्णा म्हणाले, अफवा आहे, आणि दाढी करत राहिले. त्यांनी अर्धीच दाढी केलेली मला पक्की आठवते, कारण पर्वतीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ती तशीच होती. आजी देव घेतल्याशिवाय उठेना. माझ्या आईने एका हाताने माईला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, दुधाचं रिकामं पातेलं.

परत आलो तेव्हा वाड्याची मागची बाजू नव्हती. उरलेल्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर चिखलाची सरळ रेघ, पट्टीने ओढल्यासारखी. तांदळाच्या डब्यात तांदूळ फुगून झाकण वर आलेलं. तो वास मला अजून सांगता येत नाही. आईचं शिलाई मशीन आडवं पडलं होतं. तिने ते उघडलं, एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून जुन्या धोतराच्या फडक्याने पुसला, बॉबिनच्या खोबणीतली माती हेअरपिनने काढली. किती दिवस ते चाललं होतं देव जाणे. अण्णा दमून म्हणाले, टाकून दे. तिने टाकलं नाही. तुझा पहिला फ्रॉक, तो पिवळा, त्याच मशीनवरचा.

पुढल्याच वर्षी, १९६२ला, कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. तेव्हा कोथरूड गावाबाहेर. अण्णा म्हणाले होते, ‘‘नोकरी करायची तर याने तिथे करावी, उंचावर आहे.’’ पगार नाही, पद नाही, उंची! मी त्यावर वर्षानुवर्षं हसलो. आणि आता बघतेसच.

आणखी एक, लिहू की नको कळत नाही. तू भाड्याने राहत होतीस तोवर ‘दोन वर्षांनी बघू’ असं आपण सगळेच म्हणायचो. आईने तुझ्या खोलीचा पंखा अजून सर्व्हिस करून ठेवलाय. घर घेतलंस म्हणजे आता ते वाक्य संपलं. तक्रार नाही. मीच तुला कर्वेनगरला कमिन्स कॉलेजात घातलं आणि मीच फॉर्मवर मेकॅनिकल लिहिलं, आता कुणाला बोल लावू? गाव चांगलं आहे. मला निवडायला सांगितलं असतं तर अख्ख्या अमेरिकेत मीही तेच निवडलं असतं. फक्त गल्ली दुसरी.

घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. नकाशा बघून, विमा काढून, तरी घ्यावंसं वाटलं तर घ्या. वास्तुशांतीला आम्ही येतो. माझा गुडघा बरा आहे. आईचा रिपोर्ट आला, शुगर थोडी जास्त, ती आंब्याच्या सीझनवर ढकलतेय. ईशानला ‘शुभं करोति’ पाठ आहे का अजून? फोनवर म्हणायला लाजतो हल्ली.

सौरभला आशीर्वाद सांग.

तुझा,
बाबा

ता. क. फोटोंमध्ये बेसमेंटला पाणी उपसायचा सम्प पंप दिसतोय. त्याला बॅटरी बॅकअप आहे का ते सौरभला बघायला सांग. पाऊस जोराचा लागला की पहिली वीज जाते, आणि वीज गेली की तो पंप नुसता शोभेचा. आणि फर्नेस खालीच बसवलीय की वरच्या मजल्यावर, तेही.