१९५७ चा संच

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "आता हे काय नवीन खूळ?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. मी १९५७ सालची नाणी जमवतेय, फक्त त्याच सालची. सगळीच जुनी नाणी गोळा करायला गेलं तर जन्म पुरायचा नाही. एक साल धरलं की काम आवाक्यात येतं. बाबांच्या जन्माचं साल निवडलं ते नुसतं मायेपोटी नाही हं, ते साल आहेच गमतीचं.

बाबा, तुम्ही फेब्रुवारीतले. म्हणजे जन्मलात तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. तुम्ही मान धरायच्या आत, १ एप्रिलला, त्याच रुपयाचे शंभर नये पैसे झाले. कायदा १९५५ मध्येच दुरुस्त झाला होता, अंमल मात्र तेव्हापासून. त्या वर्षीची नवी नाणी पाचच: १, २, ५, १० आणि २५ नये पैसे. पन्नासचं नाणं १९६० मध्ये आलं आणि नव्या पद्धतीचा रुपया थेट १९६२ मध्ये. तोवर जुनी आठ आण्यांची अधेली आणि जुना रुपयाच चालत राहिला; शंभराच्या हिशेबात त्यांचं काही अडत नव्हतं.

त्यामुळे माझ्या अल्बममध्ये वरची दोन भोकं रिकामीच राहणार. एका विक्रेत्याने १९६२ चा रुपया घालून "संच पूर्ण करून देतो" म्हटलं. पूर्ण कसला, भेसळ ती! त्या वर्षी जे पाडलंच नाही ते नसणं हेही त्या सालाचंच आहे, असं माझं मत. आईला हे पटणार नाही, तिला रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवावंसं वाटतं.

एक पैशाचं नाणं तुम्हाला आठवत असेल. ब्राँझचं, दीड ग्रॅमचं, जेमतेम १६ मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला १ आणि 'रुपये का सौवाँ भाग' असं लिहिलेलं, म्हणजे हातात पडलेली ही वस्तू आहे तरी किती, हे नाण्यानेच सांगायचं. सालाखाली भिंगाने पाहिलं तर कधी पत्त्यातल्या चौकटसारखा बारीकसा ठिपका दिसतो. ती मुंबईच्या टांकसाळीची खूण. काहीच नसलं तर समजायचं कलकत्ता. आता माझं भिंग सतत टेबलावरच असतं.

पाच पैशांचं चौकोनी, दोन आणि दहाची कड आठ पाकळ्यांची. ही तिन्ही तांबं-निकेलच्या मिश्रणाची, म्हणून लोहचुंबकाला दाद देत नाहीत. पंचवीसचं मात्र शुद्ध निकेलचं, ते टपकन चिकटतं. फ्रिजवरचा चुंबक काढून बघा, तुम्हालाही मजा वाटेल.

पण मला सगळ्यात आवडला तो त्या काळचा हिशेब. एक आणा म्हणजे काटेकोर सव्वासहा नये पैसे. आता पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून सरकारने तक्ता काढला: एका आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५. म्हणजे पावली एकदम मोडली तर २५ पैसे, पण तेच चार आणे एकेक करून मोडले तर २४! आजोबांनी किराणा आणताना हा एक पैसा सोडला असेल असं मला तरी वाटत नाही. जुनी आणि नवी नाणी बरोबरीने चालत होती, तेव्हा बाजारात केवढी वादावादी झाली असेल! 'नया' हा शब्द पुढे १ जून १९६४ पासून गेला आणि नुसता पैसा राहिला.

आता मुद्द्याचं. माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांचा सुट्ट्या नाण्यांचा डबा आहे. आई, तो सापडला तर कृपा करून चिंच लावून घासू नकोस! नाणं लखलखीत होईल, पण वरचा मूळ थर जाईल आणि जमवणाऱ्याच्या लेखी त्याची किंमत उतरेल. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढ आणि टिपून घे, बस्स. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको, त्यातल्या काही पिशव्यांनी नाण्यांवर हिरवट चिकटा धरतो. कागदात गुंडाळलेली बरी.

आणि बाबा, व्हॉट्सॲपवर येतं ना, 'हे नाणं असेल तर लाखो रुपये मिळवा', त्या नादी लागू नका. आधी कमिशन मागतात, मग गायब होतात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असं चाललं होतं, तेव्हा बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केलं की आपण असल्या व्यवहारात नाही. १९५७ ची साधी नाणी काही दुर्मीळ नाहीत. आणि २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेलीच, त्यामुळे दुकानात द्यायचाही प्रश्न नाही.

मला खरं तर एक पैशाचंच चांगलं नाणं हवंय. माझ्याकडचं इतकं झिजलंय की शेवटचा ७ अंदाजानेच वाचावा लागतो. डब्यात दिसलं तर सालाच्या बाजूने फोटो काढून पाठवा. आई, तुझे डोळ्यांत थेंब घालायचे दिवस संपले का? नसतील तर बारीक वाचायचं काम बाबांवर सोड.

तुमची,
धाकटी